खनिज भुकटीला तेल लावल्याने ओल थांबते का?

वणी तालुक्यातून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमचा बचत गट जनावरांसाठी खनिज मिश्रण तयार करतो. त्यात चुनखडीची भुकटी, डायकॅल्शियम फॉस्फेट, मॅग्नेशियम ऑक्साइड, खडे मीठ, झिंक सल्फेट, हिराकस (लोहाचे सल्फेट) आणि मोरचूद (तांब्याचे सल्फेट) हे घटक आहेत. धूळ उडू नये आणि पावसाळ्याची ओल लागू नये, या हेतूने तुम्ही एप्रिलमध्ये तयार मिश्रणाला लाकडी घाणीचे जवसाचे तेल २ टक्के लावले. मे महिनाभर माल मोकळा आणि हाताला मऊ लागत होता. पोळ्याच्या आधी टिनाच्या शेडमधली पोती उघडली, तेव्हा आत हातोडीने फोडावी लागतील अशी ढेकळे निघाली आणि त्यांना रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. तेलाने ओल अडते की उलट वाढते, आणि अडत असेल तर किती टक्के तेल लावावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी २६ वर्षे चंद्रपूर जिल्ह्यात खनिज भुकट्यांच्या तपासणीचे काम केले. चुनखडी, डोलोमाइट, चिनी माती, अ‍ॅल्युमिना (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) अशा कितीतरी भुकट्या तेल लावलेल्या आणि न लावलेल्या, अशा दोन्ही स्थितींत दिवसेंदिवस तोलून पाहिल्या. त्या अनुभवावरून सांगतो, की तेलाचा टक्का हा या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. पाणी भुकटीत कोणत्या वाटेने येते, हे त्याआधी ठरवावे लागते. हवेतले बाष्प तीन निरनिराळ्या वाटांनी येते. त्यांपैकी एक वाट तेल बरीच अडवते, दुसरी काही अटींवर अडवते आणि तिसरीला केवळ थोडा उशीर लावते. तुमच्या मिश्रणात या तिन्ही वाटा एकत्र आहेत, म्हणून एका शब्दात "अडते" किंवा "वाढते" असे उत्तर देणे तुमच्यावर अन्याय करणारे ठरेल.

पहिली वाट अधिशोषणाची. चुनखडी, वाळू, अ‍ॅल्युमिना अशा न विरघळणाऱ्या खनिजांच्या कणांचा पृष्ठभाग कोरडा दिसला, तरी त्यावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि हवेतील पाण्याचे रेणू त्यांना धरून बसतात. हे पाणी कणाच्या आत मुरत नाही, ते त्याच्या अंगावर थराथराने बसते, म्हणून त्याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. त्याचे प्रमाण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि त्याचा हिशेब आपल्याला घरी करता येतो. पाण्याचा एक रेणू साधारण ०.१०६ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो, असे धरतात. त्यावरून १ चौरस मीटर पृष्ठभाग एका थराने झाकायला सुमारे ०.२८ मिलिग्रॅम पाणी लागते. बारीक दळलेल्या चुनखडीच्या १ ग्रॅमचा पृष्ठभाग १ चौरस मीटरच्या आसपास धरला, तर २५ किलोच्या संपूर्ण पोत्यातील कणांवर पाण्याचा एक थर म्हणजे अवघे ७ ग्रॅम पाणी होते. दमट हवेत तीन-चार थर बसले तरी ते २०-३० ग्रॅमच्या घरात राहते. केवळ एवढ्या पाण्याने हातोडीने फोडावे लागेल असे ढेकूळ होत नाही. सिलिका जेलची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या १ ग्रॅमचा पृष्ठभाग कित्येक शे चौरस मीटर असतो, म्हणून तिथे हेच अधिशोषण वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पाणी धरू शकते.

दुसरी वाट कणांमधल्या फटींची आहे. दोन कण जिथे एकमेकांना टेकतात, तिथे फट अतिशय अरुंद होत जाते, आणि अशा फटीत बाष्पाचे पाणी होण्यासाठी हवा पूर्ण संपृक्त होण्याची गरज नसते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ साली मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे हिशेब केला, तर ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुमारे दीड नॅनोमीटर त्रिज्येच्या फटीत पाणी साचते आणि ९० टक्क्यांना हीच मर्यादा सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत जाते. हे पाणी तोलले तर नगण्य असते, परंतु ते दोन कणांमध्ये पूल बांधते. त्या पुलात जवळचे मीठ किंवा सल्फेट थोडेसे विरघळते, दुपारी हवा कोरडी झाली की त्याचे स्फटिक होतात आणि पाण्याचा पूल क्षाराचा होऊन पक्का बसतो. रात्री ओल आणि दुपारी ऊन, असे श्रावणातले चार-सहा दिवस त्याला पुरेसे असतात.

तिसरी वाट विरघळणाऱ्या क्षारांची आहे, आणि तुमच्या पोत्यात मला हीच सर्वांत मोठी वाटते. प्रत्येक विरघळणाऱ्या क्षाराची आर्द्रतेची एक मर्यादा असते. हवा तिच्यापेक्षा दमट झाली की क्षार हवेतून पाणी ओढत राहतो आणि स्वतः त्या पाण्यात विरघळतो. शुद्ध मिठाची मर्यादा सुमारे ७५ टक्के आहे. मॅग्नेशियम क्लोराइडची मात्र ३३ टक्केच आहे, आणि न धुतलेल्या खड्या मिठात ते थोडेफार असतेच. तुमचे मीठ जूनच्या पहिल्या सरीनंतर लगेच चिकट होते, ते त्यामुळे. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की यांपैकी कोणतीच मर्यादा ओलांडली जात नाही, म्हणून तुमचा माल तेव्हा मोकळा होता, आणि त्याचे श्रेय तुम्ही तेलाला दिलेत. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. पोत्यात ५ किलो मीठ असेल, तर ते सगळे विरघळेपर्यंत सुमारे १४ लिटर पाणी ओढू शकते. पोते बांधलेले असल्याने तेवढे पाणी प्रत्यक्षात आत येत नाही. पण पहिल्या वाटेचे २०-३० ग्रॅम आणि तिसऱ्या वाटेची ही भूक यांतला फरक लक्षात घेतला, म्हणजे लढाई कुठे आहे ते कळते.

आता तेलाकडे येऊ. तेल पाण्याला अडवते, ही समजूत आपल्या डोळ्यांसमोरच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती द्रव पाण्यापुरती खरी आहे. तेल लावलेली चुनखडी पाण्यावर भुरभुरली तर तरंगते, न लावलेली बुडते. मात्र बाष्पाचे रेणू एकेकटे येतात, आणि तेलाच्या थरातून ते एकेकटे पार होतात. वनस्पती तेलात साध्या तापमानाला हजारात एक भागाच्या आसपास पाणी विरघळते. कणावरचा तेलाचा थर एखाद्या मायक्रॉनचा असेल, तर पाण्याच्या रेणूला तो ओलांडायला सेकंदसुद्धा लागत नाही. गावाबाहेरच्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर आठवा. त्यातले खनिज तेल वनस्पती तेलापेक्षा कितीतरी कमी पाणी धरते, तरीही दमट हवेतून ते ओल घेते, म्हणूनच त्याच्या श्वासनळीला सिलिका जेलची डबी लावलेली असते आणि ओलीने ते जेल निळ्याचे गुलाबी होते. तेल स्वतः बाष्पाला अडवत असते, तर त्या डबीची गरज पडली नसती.

मग भुकटीला तेल लावून काहीच साधत नाही का? साधते, पण ते जाड थराने साधत नाही. तेलातले जे रेणू कणाच्या पृष्ठभागाला थेट चिकटतात, तेच खरे काम करतात. तेल ज्यापासून बनते त्या मेदाम्लाच्या रेणूला एका टोकाला पाण्याशी नाते असलेले डोके असते आणि मागे पाण्याला न जुमानणारे लांब शेपूट. रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९१७ साली दाखवून दिले, की पाण्यावर असे रेणू डोके खाली आणि शेपूट वर करून एकाच थरात दाटीने उभे राहतात. चुनखडीवरही तसेच घडते; तिथे डोक्याचा कॅल्शियमशी बंध जुळतो आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही. ज्या जागांवर पाण्याचे रेणू बसले असते त्या जागा भरतात, म्हणून पहिल्या वाटेने येणारे पाणी बरेच कमी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पृष्ठभागावर पाणी पसरेनासे होते, त्यामुळे फटीत साचण्याची दुसरी वाटही अरुंद होते. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात जवसाचे तेल घालत असत, त्यामागे हेच रसायन आहे. भारतीय मानक ८०४३ मध्ये जो जलरोधी सिमेंट सांगितला आहे, त्यातही दळताना मेदाम्लासारखा पदार्थ अगदी थोडा मिसळून हेच साधलेले असते.

असा एक थर पुरवायला किती तेल लागते, ते पाहा. मेदाम्ल घ्या किंवा तेल घ्या, १ चौरस मीटरला २ ते अडीच मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे वर धरलेल्या चुनखडीला पाव टक्का, २५ किलोला सुमारे ६० ग्रॅम. तुम्ही ५०० ग्रॅम लावलेत. उरलेले ४४० ग्रॅम तेल कुठे गेले असेल? ते कणांच्या फटींत गेले आणि पाण्याने जे पूल बांधले असते तसेच पूल त्याने स्वतः बांधले. तुमची भुकटी मे महिन्यात मऊ आणि धूळ न उडणारी लागत होती, ती या पुलांमुळे. तेव्हा ते द्रव होते म्हणून मालाला गुण वाटला.

जवसाच्या तेलाबाबत मला विशेष काळजीने सांगावेसे वाटते, कारण विदर्भात ते घरचे तेल आहे आणि त्याच्याविषयी आपल्या मनात विश्वास आहे. ते खाण्यासाठी चांगले आहे; भुकटीसाठी नाही. जवसाच्या तेलाचा आयोडीन अंक १७० च्या वर असतो, शेंगदाण्याचा ८५ ते १०० च्या दरम्यान आणि खोबरेलाचा जेमतेम १०. हा अंक जितका मोठा, तितके ते तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि म्हणूनच जवसाचे तेल रंगात वापरतात. त्यात लोखंड, तांबे अशा धातूंचे क्षार मिसळले की सुकणे आणखी वेगाने होते. तुमच्या मिश्रणात हिराकस आणि मोरचूद दोन्ही आहेत, म्हणजे तेल आणि ते सुकवणारे औषध तुम्ही नकळत एकाच पोत्यात घातले. रंगाच्या डब्याचा वास तुम्ही प्रश्नात लिहिलात, ते फार बरे केलेत. मला निदानाची वाट त्यावरूनच सापडली. तुमची ढेकळे काही अंशी ओलीची आहेत आणि काही अंशी सुकलेल्या तेलाच्या डिंकाची. जवसाचे तेल लावलेली फडकी किंवा गोणपाट गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

घाणीच्या कच्च्या तेलात आणखी एक अडचण असते. त्यात फॉस्फॅटाइड नावाचे चिकट पदार्थ असतात, आणि त्यांना पाण्याची एवढी ओढ असते की तेल शुद्ध करताना पाणी मिसळूनच ते वेगळे काढतात. असे तेल भुकटीला लावले, तर तेलाचा थर स्वतःच ओल धरतो. जुने, खवट झालेले तेलही ताज्यापेक्षा जास्त पाणी धरते, आणि एरंडेल तर मुळातच इतर तेलांपेक्षा पाण्याला जवळचे आहे. तेलाने ओल वाढते का, हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग यासाठी अगदी रास्त होता. चुकीचे तेल असले तर ती थोडी वाढतेही.

विरघळणाऱ्या क्षारांवर तेलाचा उपयोग किती, याचे उदाहरण तुमच्या शेतात आहे. २०१५ मध्ये देशात तयार होणारा शेतीचा सगळा युरिया कडुनिंबाचे तेल लावूनच विकणे बंधनकारक झाले. ते तेल १०० किलोला किमान ३५ ग्रॅम इतकेच असते आणि ते नत्र सावकाश मिळावे म्हणून लावतात, ओलीसाठी नव्हे. युरिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने सेंद्रिय असला तरी ओलीच्या बाबतीत तो मिठासारखाच वागतो. ३० अंशांना त्याची मर्यादा ७३ टक्क्यांच्या आसपास आहे. उघडे राहिलेले युरियाचे पोते तेल लावलेले असूनही जुलैमध्ये पाणी सोडते, हे तुम्ही पाहिलेच असेल. आणखी दहापट तेल लावले असते, तर पाणी सुटायला काही तास किंवा फार तर काही दिवस जास्त लागले असते. क्षाराची मर्यादा त्याच्या स्वभावातून येते आणि वरून लावलेल्या तेलाने ती बदलत नाही.

याच्या नेमकी उलट बाजूही मी पाहिली आहे, आणि ती सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात हवा कोरडी करण्यासाठी अ‍ॅल्युमिनाचे दाणे भरलेला टाका होता. काँप्रेसरची देखभाल नीट झाली नव्हती, त्यामुळे हवेबरोबर तेलाचे तुषार येत राहिले. सहा-सात महिन्यांत दाणे पांढऱ्याचे तपकिरी झाले आणि तापवून कोरडे केले तरी पूर्वीच्या निम्मेही पाणी धरेनात. तिथे तेलाने अधिशोषण खरोखर अडवले होते, कारण त्या दाण्यांचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांच्या आत होता आणि तेलाने छिद्रेच भरून टाकली होती. तापवल्यावर तेल उडून जाण्याऐवजी जळून चिकटले. मीठ आणि अ‍ॅल्युमिना ही दोन टोके आहेत. तुमची चुनखडी, डायकॅल्शियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम ऑक्साइड या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. चुनखडीत काळ्या मातीचा अंश असेल, तर तोही ध्यानात घ्यावा लागेल. त्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि तेल तिथे पोचत नाही. उन्हाळ्यात शेताला भेगा आणि पावसात ती फुगणे, हे त्याच गुणाचे मोठे रूप आहे.

दगड गारगोटीच्या जातीचा असेल तरीही तेल टिकत नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या खडीवरून डांबर सुटते ते तुम्ही पाहता. आम्लधर्मी, सिलिकायुक्त दगडावर पाणी हळूहळू डांबराखाली शिरून त्याला उचलते, तर चुनखडीवर ते अधिक घट्ट धरते. भुकटी ओली असताना तेल लावले तर असेच होते. पाणी आधीच जागा धरून बसलेले असते आणि तेल त्याच्या वर तरंगत राहते. म्हणून चुनखडी दळल्यावर लगेच, उन्हात तापलेली आणि कोरडी असतानाच तेल लावणे, हा मला सर्वांत जास्त फरक पाडणारा भाग वाटतो.

बाहेरून येणाऱ्या बाष्पाखेरीज एक पाणी तुमच्या पोत्यात आधीपासून होते, ते म्हणजे स्फटिकातले पाणी. तुमचे झिंक सल्फेट सात रेणू पाणी असलेले असेल, तर त्याच्या वजनाचे ४० टक्क्यांहून अधिक पाणीच आहे, हिराकसचेही तसेच. झिंक सल्फेटचे हे रूप ३९ अंशांच्या आसपास एक रेणू पाणी सोडायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांना टेकतो, तर टिनाखालच्या पोत्याचे काय होत असेल? ५०० ग्रॅम झिंक सल्फेटने सातपैकी एकच रेणू सोडला, तरी ३१ ग्रॅम पाणी पोत्यात मोकळे होते, म्हणजे चुनखडीने हवेतून घेतलेल्या पाण्याइतके. ते शेजारच्या मिठाला किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडला मिळते. खड्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड ओलीत एकत्र आले, तर दगडासारखे घट्ट होऊ शकतात. १८६७ साली शोधलेला फरशीचा मॅग्नेशिया सिमेंट याच जोडीचा आहे. ऑक्साइड किती भाजलेले आहे यावर हे अवलंबून राहील, परंतु तुमच्या ढेकळांच्या कठीणपणात त्याचा वाटा असण्याची शक्यता मी नाकारत नाही. यातल्या कशावरही तेलाचा इलाज नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर पुढीलप्रमाणे केले असते. मीठ मिश्रणातून बाहेर काढून वेगळ्या छोट्या पिशवीत दिले असते आणि देताना मिसळायला सांगितले असते. तेवढ्याने तिसरी वाट जवळपास बंद होते. ग्राहकाला एकत्रच हवे असेल, तर निदान धुतलेले, शुद्ध मीठ वापरावे. झिंक आणि लोह यांचे एक रेणू पाणी असलेले सल्फेट घ्यावे. मात्र तेव्हा मात्रा बदलते: सात पाण्याच्या झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के असते आणि एक पाण्याच्या रूपात ३३ टक्के, म्हणून पूर्वीच्या १०० ग्रॅमऐवजी ६४ ग्रॅमच घालावे लागेल. हा बदल तुमच्या पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय करू नका.

तेल केवळ चुनखडीला लावावे, संपूर्ण मिश्रणाला नव्हे, आणि चुनखडीच्या वजनाच्या पाव ते अर्ध्या टक्क्यापुढे जाऊ नये. शेंगदाण्याचे किंवा भंडारा-गोंदियाकडे मिळणारे धानाच्या कोंड्याचे शुद्ध केलेले तेल चालेल. खोबरेल सुकत नाही, पण हिवाळ्यात गोठते आणि तेव्हा त्याने गाठी होतात. शक्य असल्यास तेलाऐवजी स्टिअरिक आम्ल किंवा कॅल्शियम स्टिअरेटची भुकटी पाहावी; प्लॅस्टिकसाठी लागणाऱ्या चुनखडीला सुमारे १ टक्का स्टिअरिक आम्ल लावतात आणि त्यात सुकण्याचा किंवा खवट होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. जनावरांच्या खाद्यासाठी ते खाद्य दर्जाचेच असावे. यंत्राचे किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल वापरू नये. यंत्राचे तेल खाण्याजोगे नाही, आणि खनिज तेलाच्या रेणूला डोकेच नसल्यामुळे ते कणाला नीट धरतही नाही. तेल कोमट करून बारीक फवाऱ्याने, भुकटी फिरत असताना, सावकाश द्यावे. घमेल्यात ओतून फावड्याने कालवले, तर काही कण न्हातात आणि बाकीचे कोरडे राहतात. सल्फेट सर्वांत शेवटी मिसळावेत. धुळीसाठी याहून जास्त तेल लागते असे वाटले, तर दळण थोडे जाडे करून पाहा.

पोत्याच्या आत जाड पॉलिथिनची अखंड पिशवी घालून ती नीट बांधली, तर ओलीपासून तेलाच्या कोणत्याही टक्क्यापेक्षा जास्त संरक्षण मिळते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. रात्री टिनाच्या आतल्या बाजूला दव धरते आणि ते थेंब वरच्या थरावर पडतात.

माझे हे सगळे ऐकून घेण्यापेक्षा तुम्ही स्वतः तोलून पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. घट्ट झाकणाच्या दोन मोठ्या बरण्या घ्या. एकीच्या तळाशी शुद्ध मीठ थोड्या पाण्यात भिजवून त्याचा चिखल करा; तिच्या आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. दुसरीत म्युरेट ऑफ पोटॅशचा तसाच चिखल ठेवला, तर ती ८४ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यावर जाळी ठेवून छोट्या वाट्यांत प्रत्येकी ५० ग्रॅम नमुने ठेवा: निव्वळ चुनखडी, तेल लावलेली चुनखडी, निव्वळ मीठ आणि तेल लावलेले मीठ. सोनाराकडच्या काट्यावर, जो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो, दोन आठवडे रोज एकाच वेळी वजन करा. ८४ टक्क्यांच्या बरणीत दोन्ही मिठे सारखीच पाणी ओढत जातील, तेल लावलेले फक्त एखादे पाऊल मागे असेल. चुनखडीचे आकडे इतके लहान असतील की काटा जेमतेम हलेल.

या तोलण्यात एक फसगत होते, आणि सुरुवातीला माझीही झाली होती. जवसाचे तेल लावलेल्या भुकटीचे वजन रोज वाढत होते आणि मी ते पाणी समजत होतो. प्रत्यक्षात तेल ऑक्सिजन घेत होते. सुकताना जवसाचे तेल स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक ऑक्सिजन धरू शकते, म्हणजे तुमच्या ५०० ग्रॅम तेलाचे ५० ग्रॅमहून जास्त वजन पाण्याशिवाय वाढलेले असू शकते. म्हणून तेल लावलेल्या प्रत्येक नमुन्याची एक जोडवाटी सुक्या सिलिका जेलच्या बरणीत ठेवावी. तिथे जेवढे वजन वाढेल, तेवढे ओलीच्या हिशेबातून वजा करावे.

शेवटी आत्ता शेडमध्ये पडलेल्या मालाविषयी. तो फोडून, चाळून पुन्हा विकण्याचा मोह होईल, कारण त्यात गटाचा पैसा अडकला आहे, हे मी समजतो. तरीही तसे करू नका. ओलीत विरघळून पुन्हा स्फटिक झालेल्या ढेकळांत मोरचूद सारखे पसरलेले राहत नाही. एखाद्या तुकड्यात ते कितीतरी जास्त साठलेले असू शकते. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा फार लवकर होते, तेव्हा तुमच्या ग्राहकांपैकी कोणाकडे मेंढ्या असतील तर त्यांना आधी कळवा आणि गेलेली पोती परत मागवा. गाई-बैलांसाठी तो माल वापरायचा असेल, तर सगळा पुन्हा बारीक दळून, एकत्र कालवून, वेगवेगळ्या जागचे नमुने तांब्यासाठी तपासून घ्यावेत. तेल खवट झाले असेल तर जनावर तोंड लावणार नाही, आणि मग त्या मालावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही.